वरच्या मजल्याचं एक्स्टेंशन

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'निकेत घरत, सिस्टीम इंटिग्रेटर' असं छापलेलं आहे. ते पहिल्यांदा वाचून माझी बायको प्राप्ती म्हणाली होती, "म्हणजे फोनवालाच ना?" मी तिला समजावून सांगायला लागलो, की ऑफिसातले फोन, कॉम्प्युटर, कॅमेरे हे सगळं एका जाळ्यात आणायचं, त्याचं डिझाइन करायचं... ती मध्येच म्हणाली, "आपल्या दारावरची बेल कधीपासून बंद आहे?" त्यानंतर मी घरात डिझाइन हा शब्द काढलेला नाही.

आम्ही मूळचे पेणकडचे. वडिलांचं आयुष्य मिठागरात गेलं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की ते अजूनही सांगतात, "लोकांच्या भिंतींना भोकं पाडतो." मला राग यायचा. आता येत नाही, कारण माझ्या कामाचं याहून अचूक वर्णन मलाही जमलेलं नाही.

धंदा मी माणगावात टाकला. तिथून म्हसळा, श्रीवर्धन, महाड, सगळीकडे मोटरसायकलने जाता येतं. दवाखाने, पतसंस्था, किनाऱ्यावरची रिसॉर्ट असली गिऱ्हाइकं. माझ्या केबलचा मला फार अभिमान. माझी केबल भिंतीवरून ओळंब्याने आखल्यासारखी सरळ जाते, प्रत्येक टोकाला छापील लेबल असतं आणि काम झालं की मी तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवतो. तो बहुतेक वेळा फक्त माझी सासू बघते.

करमअली चाचांचं काम मला मिळालं ते असंच, कुणीतरी माझा नंबर दिला म्हणून. चाचांनी उभी जवानी कुवेतमध्ये एका बांधकाम-साहित्याच्या कंपनीत स्टोअरकीपर म्हणून काढली. कायमचे परत आल्यावर म्हसळ्यात दुमजली इमारत बांधली. खाली टाइल्स, नळ आणि कमोडचं दुकान, मागे सिमेंटचं गोदाम, वर घर. मुलगा अफान दोह्याला नोकरीला. त्याची बायको निदा खाली बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बसायची. वरती चाचांची बेगम, जैबुन्निसा चाची.

"आमच्या कंपनीत होता तसा फोन पाहिजे," चाचा म्हणाले. "बटनवाला. एक दाबला का गोदाम, दोन दाबला का बिलिंग, तीन दाबला का घर. मोबाईलला गोदामात रेंज न्हाय."

चार फोनांची गोष्ट होती. मी तिथे जी यंत्रणा सुचवली, तिच्यावर एखादं लहान हॉस्पिटल चाललं असतं. चाचा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते, आणि गिऱ्हाईक मान डोलवायला लागलं की मला बोलायचं थांबता येत नाही. भविष्यात विस्तार करता येईल, असंही मी सांगितलं. विस्तार कुठे करणार, हे त्यांनी विचारलं नाही. इमारतीमागे लगेच डोंगर होता.

काम मात्र झकास झालं. उद्घाटनाला मी स्वतः वरच्या मजल्यावर फोनजवळ उभा राहिलो. खाली चाचांनी तीन दाबला. रिंग आली. मी उचलला.

"हॅलो! चाचा, आवाज क्लिअर?"

"एकदम क्लिअर! कुवेतसारखा!"

खाली निदाने टाळ्या वाजवल्या, त्यासुद्धा मला रिसीव्हरमधून ऐकू आल्या. माझ्या मागे चाची खाली बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"हा फोन कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, चाची."

"मी कुठं मागितला?"

मी हसलो. नवीन वस्तू घरात आली की बायका असं म्हणतातच, अशी माझी समजूत. त्या हसल्या नाहीत, तेही मी पाहिलं. पाहून सोडून दिलं.

थोड्याच दिवसांत चाचांचा फोन आला. "निकेत बेटा, घरची लाईन लागत न्हाय."

"रिंग जाते का?"

"रिंग जाते. पण कोण बोलत न्हाय."

मी गेलो. वर जाऊन उभा राहिलो, खालून चाचांनी तीन दाबला, मी उचलला, आवाज खणखणीत. रिसीव्हर उलटासुलटा केला, फुंकर मारली, पुन्हा लावून पाहिला. काही दोष नाही. परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार.

आमच्या धंद्यात जो बिघाड आपण असताना दिसत नाही आणि आपण गेलो की सुरू होतो, तो सगळ्यांत वाईट. त्याला फार अनुभवी माणूस लागतो. मी स्वतःला फार अनुभवी समजत होतो, म्हणून मला मनातून बरंच वाटलं.

पहिल्यांदा मी खाऱ्या हवेला दोषी धरलं. निदासमोर उभा राहून तिला समजावलं, की खाडीवरून येणारी हवा तांब्यावर कशी बसते, तांबं हिरवं कसं पडतं आणि मग आवाज मधेच कसा अडतो. ती ओढणी तोंडावर धरून ऐकत होती. मला वाटलं, भारावून गेलीय. मी सोन्याचा मुलामा दिलेले जोड आणून बसवले. तक्रार आली. मग मी उंदरांना धरलं. गोदामातली केबल लोखंडी नळीतून नेली. तक्रार आली. मग ओल. मग वीज कमी-जास्त होणं. मग टेलिफोनचा सेटच, तो बदलला. नवा सेट चाचांना इतका आवडला, की त्यांनी तो खाली ठेवून घेतला आणि आपला वर पाठवला.

प्रत्येक खेपेला मी वर गेलो, की चाची जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कोलंबीचं सालन, तांदळाची भाकरी, एकदा तर खास माझ्यासाठी सांदणं केली होती. मी जेवताजेवता चौकशी करायचो. गिऱ्हाइकाला नीट प्रश्न विचारणं हे अर्धं काम असतं, असं मी नव्या लोकांना नेहमी सांगतो.

"चाची, फोन वाजतो का?"

"वाजतो तर."

"आवाज मोठा येतो?"

"घर दणाणतं, बेटा."

"मधेच बंद पडतो?"

"न्हाय. लई वेळ वाजतो. मग गप बसतो."

मी मान हलवायचो आणि टेस्टरची पिन भिंतीतल्या डबीत घालायचो. तेवढ्यात चाचींच्या मोबाईलवर दोह्याहून अफानचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्या पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तो उचलायच्या. त्या ज्या चपळाईने मोबाईल उचलतात ते पाहून मला त्यांचं कौतुक वाटायचं. कौतुकापलीकडे माझं डोकं गेलं नाही.

शेवटी मी ठरवलं, की दोष भिंतीच्या आत आहे. केबलच्या पोटात केसाएवढी चीर असणार, उन्हाने फुगते, थंडीने मिटते. ही कल्पना मला इतकी आवडली, की मी ती रात्री प्राप्तीलाही ऐकवली. ती म्हणाली, "आधी नीट बघ तरी." मी म्हटलं, चीर दिसत नसते, तीच तर गंमत आहे.

दुसऱ्या दिवशी मी ड्रिल, छिन्नी आणि नव्या केबलचं भेंडोळं घेऊन चाचींच्या स्वयंपाकघरात हजर. ओट्याजवळची भिंत फोडायला लागलो. चाचांच्याच दुकानातल्या टाइल्स, मोरपिशी नक्षीच्या. दोन-तीन फुटल्या. चाची बांगडे साफ करत बसल्या होत्या. त्यांनी फुटलेल्या टाइल्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बांगड्यांकडे वळल्या.

जुनी केबल मी अजून तोडली नव्हती. हात दुखायला लागले म्हणून भिंतीला टेकून पाणी पीत बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला.

फोन चाचींच्या हाताच्या अंतरावर होता. त्या बांगड्याचं पोट फाडत होत्या. फोन वाजत राहिला. मला वाटलं, हात माशाचे आहेत म्हणून उचलत नाहीत. त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. फोन वाजतच होता. त्यांनी मिठाची बरणी काढली आणि बांगड्यांना मीठ चोळायला सुरुवात केली. फोन गप झाला.

माझ्या तोंडात पाणी तसंच होतं. ते गिळून मी म्हटलं, "चाची, फोन वाजला."

"ऐकला."

"तुम्ही उचलला नाही."

"मी कधीच उचलत न्हाय."

मी भिंतीकडे पाहिलं. फुटलेल्या टाइल्सचे तुकडे खाली पडले होते आणि भोकातून माझी केबल बाहेर आली होती, निरोगी, ठणठणीत, लेबलसकट. इतक्या दिवसांत मी त्यांना सगळं विचारलं होतं. फक्त उचलता का, हे विचारलं नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कवा? वाजतो का विचारलंस, वाजतो म्हणून सांगितलं. खोटं बोलले का मी?"

नव्हत्या बोलल्या.

"पण का उचलत नाही?"

चाचींनी बांगड्यांवर ताट झाकलं आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. "हे बघ, बेटा. माझं लग्न झालं आनि हे कुवेतला गेले. तवा आमच्या मोहल्ल्यात एकच फोन, मुकादमांच्या घरी. जुम्म्याला नमाज झाली का मी तिथं ओटीवर जाऊन बसायची. सगळं घर बघत असायचं. फोन आला का मुकादमांची बुढी माझ्या बाजूला कान लावून उभी. हे तिकडून ओरडायचे, ऐकू येतं का, मी इकडून ओरडायची, येतं. एवढंच बोलनं. मग लाईन जायची. अफान झाला, चालायला लागला, शाळेत गेला, सगळं मी यांना ओरडून सांगितलं. मग घरी फोन आला, मग मोबाईल आला. पन मानूस फोनातच." त्यांनी श्वास घेतला. "हे कायमचे घरी आले तवा मी म्हटलं, या अल्ला, सुटले. आता हा मानूस माझ्यासमोर बसून बोलंल. आनि तू आलास. त्यांच्या हातात परत फोन दिलास."

मला सांदणं आठवली. इतकी मऊ सांदणं त्यांनी मला, त्यांच्या गुन्हेगाराला, का खाऊ घातली असतील ते समजेना. बहुधा मी कीव येण्यासारखा दिसत असेन.

मी खाली गेलो. जिना उतरताना गिऱ्हाइकाला हे कसं सांगायचं याचा विचार करत होतो. लाईन चांगली आहे, यंत्र चांगलं आहे, पण तुमची बेगम फोन उचलत नाही, हे कुठल्या भाषेत सांगतात? गल्ल्याजवळ पोचल्यावर मी घसा साफ केला.

"चाचा, मी सगळं तपासलं. केबलमध्ये दोष नाही. म्हणजे दोष दुसऱ्या टोकाला, म्हणजे तांत्रिक म्हणता येणार नाही असा..."

"ती उचलत न्हाय," चाचा म्हणाले.

मी वर छताकडे पाहिलं.

"मला म्हायत हाय. माझ्या डोक्यावरच वाजतो तो. छतातून ऐकू येतो."

"मग मला कशाला बोलवत होता?"

चाचा गल्ल्यावरच्या पावत्या सरळ करू लागले. "तू गेलास का तुला जेवायला बसवते. बोलते तुझ्याशी. म्हटलं, कधीतरी तुला सांगंल का उचलत न्हाय. मला सांगत न्हाय." मग हळूच विचारलं, "काय म्हनाली?"

मी निदाकडे वळलो. तिने ओढणी पुन्हा तोंडावर धरली होती. आता मला दिसलं, ती भारावलेली नव्हती.

"तुलाही माहीत होतं?"

"भाई, घरातली गोष्ट मी कशी सांगणार?" ती म्हणाली. "आणि तुम्ही खाऱ्या हवेचं इतकं मन लावून सांगत होता..."

म्हणजे त्या इमारतीत माझ्याशिवाय सगळ्यांना बिघाड ठाऊक होता. मागच्या गोदामातल्या हमालांनाही असणार, कारण मी जाताना ते फार अदबीने वाट करून द्यायचे.

मी चाचांना चाचींचं म्हणणं सांगितलं. मुकादमांची ओटी, जुम्मा, ओरडणं, सगळं. ते ऐकत होते तेव्हा एक गिऱ्हाईक नळाचा भाव विचारायला आलं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"मग वर जाऊन बसा ना जरा त्यांच्याजवळ," मी म्हटलं. "एवढासा तर जिना आहे."

"जातो की. रोज जातो. जेवतो, बसतो." चाचा खाली बघून बोलत होते. "काय बोलायचं? समोर बसला का मला सुचत न्हाय, बेटा. सगळी जिंदगी मी तिच्याशी फोनवरच बोललो. हातात फोन असला का शब्द येतो. न्हायतर मी तिच्या तोंडाकडं बघतो, ती माझ्या. मग ती म्हनते, भाजी वाढू? मी म्हनतो, वाढ. म्हनून तर हा फोन लावून घेतला. मला काय चहा मागवायचा नव्हता."

सिस्टीम इंटिग्रेटरच्या कोर्समध्ये हे शिकवलेलं नव्हतं.

"तिला सांगू नको," ते म्हणाले.

मी जिना चढलो आणि चाचींना सगळं सांगितलं. दुसरं काय करणार होतो? त्या दिवशी त्या घरात वरखाली निरोप नेणारी, चालू असलेली एकच लाईन होती, ती म्हणजे मी.

गॅसवर सालन उकळत होतं, त्याची आच चाचींनी कमी केली. मग उठल्या, फोनचा सेट उचलला, वायरीसकट, आणि म्हणाल्या, "ही वायर किती लांब जाते?"

"कुठे न्यायचीय?"

त्या जिन्याच्या वळणावर येऊन थांबल्या. तिथे दुकानात उघडणारी एक खिडकी होती, जिन्यात उजेड यावा म्हणून ठेवलेली. तिच्यातून खाली पाहिलं की समोर गल्ला आणि गल्ल्यामागे चाचा.

"हितं लाव."

"चाची, जिन्यात फोन लावत नाहीत. येता-जाता धक्का लागतो. वायरिंगच्या स्टँडर्डप्रमाणे..."

"तुझं स्टँडर्ड तुझ्या घरी. मला बोलनाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. त्यांना फोन पाहिजे, मला मानूस पाहिजे. दोन्ही व्हायला पाहिजे."

मी शिडी आणली. भिंतीत घालायला आणलेली नवी केबल स्वयंपाकघरापासून जिन्याच्या वळणापर्यंत नेली, पट्टी मारली, डबी बसवली. काम करताना माझ्या लक्षात येत होतं, की खिडकीपासून गल्ला इतका जवळ आहे की साधं बोललं तरी ऐकू जाईल. म्हणजे माझी केबल आधी मागे गोदामात जाणार, तिथे बसवलेल्या फोनच्या मुख्य पेटीतून फिरून पुन्हा गल्ल्यावर येणार, आणि तेवढ्यात आवाज हवेतूनच पोचलेला असणार. मी हे कुणाला सांगितलं नाही. काही गोष्टी व्यावसायिक माणसाने आपल्यापाशी ठेवाव्यात.

फोन लावून झाला तेव्हा मी अजून शिडीवरच होतो, छताजवळची शेवटची पट्टी दाबत. चाची खिडकीत स्टूल घेऊन बसल्या. खाली चाचांनी वर पाहिलं. मग गिऱ्हाइकाला निदाकडे पाठवलं आणि तीन दाबला.

फोन वाजला. चाचींनी तो दोनदा वाजू दिला. मग उचलला.

"बोला."

खाली चाचांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "जैबू."

"ऐकते."

"काय करतेस?"

"दिसतंय ना?"

"दिसतंय."

मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. दुकानात त्या नळवाल्या गिऱ्हाइकाने निदाला काहीतरी विचारलं, तिने त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मी शिडीवर अडकलो होतो. उतरलो असतो तर शिडी करकरली असती. म्हणून मी माझ्या केबलकडे बघत राहिलो, जणू तिच्यात काही बघण्यासारखं उरलं होतं.

"चहा आन म्हनालात, तर ठेवून देईन," चाची म्हणाल्या.

"न्हाय, न्हाय." चाचा घाईने म्हणाले. मग थांबून, "तुला एक सांगायचं होतं. कुवेतला फोनसाठी रांग असायची. मोठी रांग. मी रांगेत उभा राहून ठरवायचो, आज जैबूला हे सांगायचं, ते सांगायचं. आनि तू हॅलो म्हटलंस का सगळं विसरायचो. मग ओरडायचो, ऐकू येतं का."

चाचींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मग आता सांगा," त्या म्हणाल्या. "आता पाठीमागं रांग न्हाय."

चाचा विचार करत होते. वर बघत होते, सरळ तिच्या तोंडाकडे.

"पहिल्या ईदला तू पाठवलेला तो शर्ट," ते सुरू झाले, "तो मला लई घट्ट व्हायचा..."

"व्हय? मग सांगितलं का न्हाय?"

"सांगत होतो, लाईन गेली."

चाची हसल्या. मोठ्याने. ते हसू खाली वायरीशिवायच पोचलं असणार, पण चाचांनी रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.

मी जमेल तितक्या हळू शिडीवरून उतरलो. करकरली, पण कुणी पाहिलं नाही. ड्रिल आणि छिन्नी पिशवीत भरली. स्वयंपाकघरातल्या भोकात एक टाइल उभी करून ठेवली, पांढरं सिमेंट नंतर लावू म्हटलं. शिडी न्यायची तर चाचींना स्टुलावरून उठवावं लागलं असतं, म्हणून ती तिथेच सोडली आणि मागच्या दाराने मोटरसायकलकडे गेलो. दुकानातून चाचा सांगत होते, की तो शर्ट घालून त्यांनी फोटो काढला होता, आणि श्वास रोखून धरला होता.